शिवशिवणारा दात काय सांगतो?

डिसेंबर उजाडतो, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि सकाळी चूळ भरताना अनेकांचा हात आपोआप गालावर जातो. नळाचे गार पाणी दाताला लागते आणि एक बारीक कळ थेट डोक्यापर्यंत जाते. पहाटे दुचाकीवरून जाताना तोंडात शिरलेला वाराही त्यासाठी पुरेसा असतो. यावर घरोघरी उत्तर ठरलेले असते, 'थंडीमुळे होतंय, थंडी सरली की थांबेल.' हे अर्धेच खरे आहे. थंडी दात बिघडवत नाही. आधीच जे बिघडले आहे, ते ती दाखवून देते.

दातावरचे एनॅमलचे कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यात नसा नसल्यामुळे त्याला गारवा जाणवत नाही. त्याखालच्या डेंटिन या थरात मात्र असंख्य सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. कवच झिजले किंवा हिरडी मागे सरून दाताचे मूळ उघडे पडले, की या नळ्यांची तोंडे मोकळी होतात. गार पाणी लागताच आतला द्रव हलतो आणि नस चाळवते. स्वीडनचे दंतवैद्यक संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात पुढे आणलेले हे स्पष्टीकरण आज सर्वत्र मान्य आहे.

मग कवच झिजते कशाने? बऱ्याचदा आपल्याच हाताने. भांडी घासावीत तसे दात जोर लावून आडवे घासले, की हिरडीलगत खाचा पडतात. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड, दात पांढरे करण्यासाठी चोळलेले लिंबू यांनी झीज वाढते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. पण घरी तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री आजही अनेक घरांत, विशेषतः बायकांच्या हाती, दिसते. तिने हिरड्या तर खराब होतातच, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. झोपेत दात खाणे, सततचे आम्लपित्त आणि कीड हीही कारणे आहेत.

हिवाळ्यात आणखी एक भर पडते. आवळे, बोरे, चिंचा, संत्री यांचा हाच मोसम. ती खाऊ नयेत असे मुळीच नाही; पण आंबट खाल्ल्यावर एनॅमल काही काळ मऊ पडते. त्यामुळे लगेच दात घासू नयेत. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा. वाफाळत्या चहावर गार पाणी पिण्याची सवयही सोडावी.

उपाय साधे आहेत. ब्रश मऊ घ्यावा आणि हलक्या हाताने, गोलाकार फिरवत, दिवसातून दोनदा दोन मिनिटे दात घासावेत. पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. थुंकल्यावर भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरली, तर फ्लोराइडही वाहून जाते. म्हणून ते टाळावे. थंडीत चूळ भरायला कोमट पाणी घ्यावे. शिवशिवीसाठी मिळणाऱ्या पेस्टमधील पोटॅशियम नायट्रेट नस शांत करते, तर काही पेस्टमधील घटक नळ्यांची तोंडे बुजवतात. मात्र दोन दिवसांत चमत्कार होत नाही. दोन ते चार आठवडे नियमित वापरल्यावरच फरक कळतो. लवंगेच्या तेलाने दात तात्पुरता बधिर होतो, कारण दूर होत नाही. ते थेट हिरडीवर लावल्यास भाजू शकते. दुखऱ्या दाढेत तंबाखूची चिमूट किंवा वेदनाशामक गोळी दाबून ठेवणे तर निव्वळ घातक.

खरा धोका मात्र दुखणे दबण्यात आहे. पेस्टने कळ थांबली, म्हणून कीड थांबत नाही. आज छोट्याशा भरणाने वाचणारा दात वर्षभराच्या चालढकलीने रूट कॅनालवर जातो, कधी काढावाही लागतो. त्यासाठी एक खूण लक्षात ठेवावी. गार लागल्यावर क्षणभर कळ येऊन थांबली, तर ती बहुधा साधी शिवशिव असते. कळ बराच वेळ रेंगाळली, रात्री ठणका लागला, गरम पदार्थानेही दुखले, एकच दात सतत त्रास देऊ लागला किंवा हिरडी सुजली, तर थांबू नये. सर्दीने नाक चोंदलेले असताना वरच्या दाढा एकदम दुखू लागल्या, तर कारण सायनसमध्येही असू शकते. पेस्ट महिनाभर वापरूनही फरक पडला नाही, तरी दंतवैद्याला दाखवावेच.

'दातांचा डॉक्टर म्हणजे मोठा खर्च' या भीतीने पुष्कळ जण दुखणे अंगावर काढतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत माफक दरात उपचार होतात, अनेक सरकारी रुग्णालयांतही दंतविभाग असतो. शिवाय लवकर केलेला इलाज नेहमीच स्वस्त पडतो.

थंडी फेब्रुवारीत ओसरेल आणि दातही गप्प होईल. तो बरा झाला म्हणून गप्प झाला, असे समजू नये. या हिवाळ्यात त्याने हाक दिली असेल, तर आताच ऐकावी.