जे सापडत नाही ते कापलं जातं

मागच्या दिवाळीत मामाच्या गावी 40 तासांचं फुटेज शूट केलं. जात्यावर दळणाऱ्या बायका, त्यांच्या ओव्या, मधूनच दम खाणं. घरी येऊन फोल्डर उघडलं तर 612 फायली आणि नावाच्या जागी नुसते आकडे. मला त्यातला एकच शॉट हवा होता: ओवी म्हणता म्हणता मामी अडखळते आणि तिचा हात खुंट्यावर तसाच राहतो. जेमतेम 8 सेकंद. शोधायला तीन रात्री गेल्या. दुसऱ्या रात्री कंटाळून नाद सोडला असता, तर तो शॉट फिल्ममध्ये नसता. आणि तो नाही, हे कुणाला कळलंही नसतं.

मी केडेनलाइव्हवर एडिट करते. फुकट आहे म्हणून सुरुवात केली, कुणाच्या मालकीचं नाही म्हणून टिकले. अशा मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एआयचा शोध हवा, म्हणजे ‘दळता दळता थांबलेली बाई’ असं टाइप केलं की शॉट समोर यावा, असं कुणी म्हटलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी एआय हा शब्द ऐकताच कानांवर हात ठेवते. दुसरी म्हणते, द्या जोडून कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरला आणि व्हा मोकळे. माझं भांडण दोघींशी आहे.

आधी पहिलीशी. शोधणं म्हणजे बनवणं नव्हे. हा शोध खोटा चेहरा तयार करत नाही, खोटा आवाज काढत नाही. मी जे शूट केलंय तेच मला परत आणून देतो. कुठला शॉट ठेवायचा, कुठे कापायचा, हे मीच ठरवणार. आणि सोवळं तर कधीच मोडलंय. केडेनलाइव्हमध्ये बोलण्यावरून सबटायटल काढायला व्हॉस्क आणि व्हिस्पर आहेत. 2025 मध्ये माणसामागची पार्श्वभूमी वेगळी करायला सॅम 2 आलं. ज्याला हवं त्याने ते बसवावं, ते त्याच्याच कॉम्प्युटरवर चालतं, नको त्याच्या वाटेला जात नाही. शोधही असाच येऊ शकतो.

आता दुसरीशी. मामीने शूटिंगच्या आधी विचारलं होतं, “हे फेसबुकावर न्हाई ना जाणार गं?” मी नाही म्हटलं होतं. आता शोध सोपा व्हावा म्हणून तिचा चेहरा, तिचं घर, तिचा आवाज मी परक्या सर्व्हरवर पाठवू? तेही गरज नसताना?

गरज नाही, हे साध्या हिशोबाने दिसतं. असा शोध चालतो कसा? व्हिडिओतून ठराविक अंतराने एकेक फ्रेम उचलायची. मॉडेल त्या फ्रेमचे आकडे करतं. तुम्ही टाइप केलेल्या वाक्याचेही तसेच आकडे करतं. ज्यांचे आकडे जवळ येतात ते शॉट वर दिसतात. माझ्या 40 तासांतून दर 2 सेकंदांना एक फ्रेम घेतली तर होतात 72,000 फ्रेमा. एका फ्रेमचे 512 आकडे धरले तर जागा लागते 2 केबी. सगळी सूची दीडशे एमबीत बसते. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे गुड मॉर्निंग यापेक्षा जास्त जागा खातात. सूची करायला जुना लॅपटॉप रात्रभर घरघरेल, घरघरू दे. अडोबीने 2025 मध्ये प्रीमिअर प्रोमध्ये असा शोध आणला, तोही वापरणाऱ्याच्या मशीनवरच चालतो. विकणाऱ्यांना जे जमलं ते वाटणाऱ्यांना का जमू नये?

पण खरं भांडण पुढे आहे. या तंत्राला चालना दिली ती ओपनएआयच्या क्लिप या मॉडेलने, 2021 मध्ये. ते शिकलं 40 कोटी चित्रं आणि त्यांच्यासोबतच्या मजकुरावर. ही चित्रं गोळा करायला जे सुमारे 5 लाख शब्द वापरले, त्यांचा पाया होता इंग्रजी विकिपीडियात वारंवार येणारे शब्द. मॉडेल खुलं केलं, चित्रांचा तो साठा मात्र खुला केला नाही. कुणाची चित्रं, कुणाला विचारून घेतली, हा पहिल्या पार्टीचा प्रश्न इथे शंभर टक्के खरा आहे. पण त्याहून मला टोचतं ते हे, की जगाकडे बघायला शिकवताना शब्द कुणाचे होते.

आता बहुभाषिक मॉडेलंही मिळतात, गूगलचं सिगलिप 2 त्यातलंच. तेव्हा ‘आधी इंग्रजी, मराठीचं नंतर बघू’ ही सबब चालणार नाही. पण भाषा कळली म्हणजे वस्तू कळली असंही नाही. मी लॅपटॉपवर एक मॉडेल बसवून पाहिलं. ‘बाई’ कळलं, ‘दार’ कळलं. ‘जातं’ लिहिलं तर पाटा-वरवंटा आला, चुलीवरचं पातेलं आलं आणि रस्त्याने चाललेला माणूसही आला. तो माणूस जात होता, हे कबूल. ‘सूप’ लिहिलं तेव्हा काय आलं ते सांगत नाही, जेवणाची वेळ होती.

हसून सोडून द्यावं असं हे नाही. उद्या सगळेच असा शोध वापरतील. तीन रात्री कुणी घालवणार नाही. यंत्राला ज्याचं नाव माहीत नाही ते वर येणार नाही, वर आलं नाही ते टाइमलाइनवर जाणार नाही, आणि कुणी न कापताच ते कापलं जाईल.

म्हणून हा शोध मुक्त सॉफ्टवेअरमध्येच आधी नीट व्हायला हवा. कारण तिथे आपण हात घालू शकतो. जात्याच्या पाच-सहा फ्रेमा निवडायच्या, त्यांच्या आकड्यांची सरासरी काढायची आणि तिला ‘जातं’ हे नाव द्यायचं. शोध तेवढ्यावरही चालू शकतो. असे शब्द एका छोट्या फायलीत साठवून एकमेकांना देता यायला हवेत. फायलीत फक्त आकडे, मामीचा चेहरा नाही. कुणी कोकणातून ‘इरलं’ पाठवेल, कुणी ‘उखळ’.

त्यामुळे केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट बनवणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच: शोध आणा, तो माझ्या मशीनवर चालवा, आणि नवा शब्द शिकवायचं बटण पहिल्याच आवृत्तीत द्या. कोड येत नसेल त्यांनी शब्द जमवायला घ्या. माझा पहिला तयार आहे.