पळस्प्याचा दरोडा आणि गुन्हेगारी मनाची मोजदाद

आजचा धागा पनवेलचा आहे आणि तो थोडा लांबणार आहे. पळस्पे फाटा आपल्याला ठाऊक असतो तो वाहनांच्या रांगांसाठी. १० आणि ११ मे १८७९ रोजी याच पळस्प्यावर आणि चिखलीवर रामोश्यांच्या टोळीने दरोडा घातला. लुटलेला ऐवज सुमारे दीड लाख रुपयांचा होता असे सांगितले जाते. टोळीचे नायक होते दौलतराव नाईक. लूट घेऊन घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या सैन्याने त्यांना गाठले आणि ते गोळीला बळी पडले. ही टोळी होती वासुदेव बळवंत फडक्यांची, आणि फडक्यांचे जन्मगाव शिरढोण पळस्प्यापासून हाकेच्या अंतरावर.

आज त्याच पनवेल तालुक्यात तळोजा मध्यवर्ती कारागृह उभे आहे. दरोडा आणि तुरुंग यांच्यामध्ये एक जुना प्रश्न पडला आहे. गुन्हा करणाऱ्याच्या मनात काय चालते, आणि ते कुणी, कशाने मोजायचे?

मानसशास्त्राकडे यासाठी आता तयार मोजपट्ट्या आहेत. अमेरिकेत सॅम्युएल योकेल्सन आणि स्टँटन सॅमेनो यांनी १९७६ साली गुन्हेगारी व्यक्तिमत्त्वावर मोठा ग्रंथ काढला आणि गुन्हेगाराच्या विचारातील दोषांची लांबलचक यादी केली. पुढे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली सुटसुटीत प्रश्नावली प्रसिद्ध केली. कैद्यासमोर विधाने ठेवायची, त्याने सहमत की असहमत ते सांगायचे, आणि त्यावरून सहा प्रवृत्तींचे गुण काढायचे. आपल्याला सारे देणे लागते ही भावना, कृत्याचे समर्थन, सत्तेची हाव, निष्ठुरता, जबाबदारी झटकणे, आणि सहावी, कायदा राबवणारेही आपल्यासारखेच लबाड आहेत ही समजूत. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात आलेल्या कैद्याची विचारसरणी किती बदलली हे पाहण्यासाठी ही पट्टी घडवली गेली. त्या कामापुरती ती उपयोगी आहे, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. समुपदेशकाला बोलणे सुरू करायला काहीतरी धागा हवाच असतो.

माझा आक्षेप सहाव्या प्रवृत्तीपाशी सुरू होतो.

ही पट्टी १८७९ साली फडक्यांसमोर ठेवली असती तर? पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातला हा कारकून. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात त्यांनी दख्खनची गावे ओस पडताना पाहिली. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोहूनही खाली आणले होते. तेच टेंपल पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत फडक्यांच्या शिरावर इनाम लागले. फडक्यांनी उलट गव्हर्नरच्या शिरावर इनाम जाहीर केले. सत्तेची हाव? पुरेपूर गुण. कृत्याचे समर्थन? दुष्काळ आणि परकी राज्य, म्हणजे पुन्हा पुरेपूर. सरकारच लुटारू आहे ही समजूत? त्यांच्या बंडाचा पायाच तो. आणि निष्ठुरतेचे गुण टेंपलसाहेबांना कुणी दिले असते? प्रश्नावली फक्त गजाआडच्या माणसापुढे ठेवली जाते. खरी तक्रार आणि खोटी सबब कागदावर सारखीच दिसतात. त्यांतला फरक कैद्याच्या मनात सापडत नाही, तो बाहेरच्या जगात जाऊन तपासावा लागतो.

कुणी म्हणेल, फडके देशभक्त, त्यांचे उदाहरण इथे गैरलागू. पण त्यांचे चरित्र गुळगुळीत करून वाचू नये. पळस्प्याला लुटल्या गेलेल्या घरांत शिरणारे हात शस्त्रधारी होते, आणि त्या रात्रीची भीती कोणत्याही ध्येयाने कमी झाली नसेल. शिवाय या कथेचा एक भाग आपण सहसा सांगत नाही. एप्रिल १८७९ मध्ये, खचलेल्या मनाने श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या आश्रयाला गेलेल्या फडक्यांनी आपले आत्मवृत्त लिहिले. त्यात रामोश्यांविषयीची निराशा आहे. त्यांना राज्य उलथवण्यापेक्षा लुटीतल्या वाट्याची ओढ अधिक, असा त्यांचा सूर. पुढे जुलैमध्ये देवर नावदगी येथे ते पकडले गेले आणि हे लेखन पुण्याच्या खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरले. इंग्रजांनी फडक्यांचे मन त्यांच्या अक्षरांतून वाचले. फडक्यांनी रामोश्यांचे मन स्वतःच्या अपेक्षेतून वाचले. दौलतराव नाइकांच्या मनात पळस्प्याला जाताना काय होते हे सांगणारे त्यांचे स्वतःचे पान मात्र आपल्यापर्यंत आलेले नाही. सरकारदरबारी त्यांच्या जमातीविषयी लिहिलेली पाने तेवढी भरपूर आहेत.

त्यांतले एक ठळक पुस्तक १८३३ सालचे. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश याने रामोशी जमातीचे वर्णन आणि उमाजी नाइकांचे चरित्र एकत्र छापले. वर्णन करता करता चोरी हा जमातीचा स्वभाव ठरू लागतो, आणि किल्ल्यांची व गावांची राखण करणारे हेच लोक होते, ती वतने नव्या राज्यात आटली, हे मागे पडते. १८७१ साली हिंदुस्थान सरकारने या समजुतीला कायद्याचे रूप दिले. सुताराचा मुलगा सुतार, तसा गुन्हेगार जमातीतला मुलगा गुन्हेगार, हा त्यामागचा तर्क. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत आली. मग हजेरी, अंगठ्याचे ठसे, परवान्याविना गाव न सोडणे, आणि तारेच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव अजून पुसलेले नाही. इथे प्रश्नावलीचीही गरज नव्हती, जन्म हेच उत्तर होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आजही आहेत. परंतु त्या कायद्याच्या जागी ‘सराईत गुन्हेगार’ ठरवणारे कायदे आले आणि संशयाने नवे कपडे घातले. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले, आणि कारागृह नियमावल्यांतील विमुक्त जमातींविषयीच्या जुन्या शिक्क्यांनाही हात घातला. म्हणजे कायदा गेल्यानंतर ७२ वर्षांनी.

आता पुन्हा तळोजाकडे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ हे खटला चालू असलेले होते, म्हणजे चारांतले तीन. अशा माणसाला ‘तू आपल्या कृत्याचे समर्थन करतोस का’ हा प्रश्न विचारण्याला अर्थच उरत नाही, कारण कृत्य अजून सिद्ध व्हायचे आहे. निरपराध माणूस जबाबदारी नाकारणारच, आणि वर्षानुवर्षे तारखा पडत राहिल्या की यंत्रणेविषयी त्याचे मत कडवट होणारच. पट्टी त्याला गुन्हेगारी विचारांचा म्हणेल. म्हणून माझे म्हणणे इतकेच की ही मोजणी दोषसिद्ध कैद्याच्या समुपदेशनापुरती, त्याच्या संमतीने आणि गोपनीय असावी. जामीन, पॅरोल, बराक ठरवणे किंवा पोलिसांच्या फायली यांत ती शिरता कामा नये. शिरली, तर १९११ ची हजेरीवही संगणकावर उघडली असे समजावे.

पर्याय काय, असे विचाराल, तर तोही याच मातीत सापडतो. १९३९ मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांनी तिथे कैद्यांना कुलपाविना, शेतीवर आणि कुटुंबासह ठेवले. मनाचे गुण काढत बसण्यापेक्षा जमीन दिली, जबाबदारी दिली, आणि माणूस पळतो की राहतो ते पाहिले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला, कथा ग. दि. माडगूळकरांची. स्वतंत्रपूरची ती खुली वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे, आणि तिथल्या शेतात कैदी अजून राबतात.