वजनाचा काटा आणि गरोदर बाई

गेल्या महिन्यातली गोष्ट. सहावा महिना लागलेली एक तरुणी सासूबरोबर तपासणीला आली. काट्यावर उभे राहण्यापूर्वी तिने चपला काढल्या, ते ठीकच. पण मग बांगड्या काढल्या, स्वेटर काढला, कानांतल्या कुड्यासुद्धा काढून सासूच्या हातात दिल्या. मला हसू आले. सासू मात्र हसली नाही. ती म्हणाली, "बाई, तपासणीच्या आदल्या रात्री ही जेवतच नाही. आज सकाळपासून पाणीही घेतलं नाही." का गं, असे विचारल्यावर मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मागल्या वेळी तुम्ही रागावला होता."

आठवून पाहिले. रागावले होते खरी. एका महिन्यात तीन किलो वजन वाढलेले दिसले आणि "अशी खात राहिलीस तर बाळंतपण जड जाईल" असे मी भरल्या दवाखान्यात, सर्वांसमोर बोलून गेले होते. तिचे कार्ड नीट उलटून पाहिले असते तर कळले असते की, त्याआधीच्या दोन महिन्यांत उलट्यांनी तिचे अडीच किलो गेले होते. वाढले ते बहुतेक गेलेलेच परत आले होते. चूक माझी होती आणि तिची शिक्षा ती मुलगी पोटातल्या बाळासह उपाशी राहून भोगत होती. म्हणून आज या सदरात हाच विषय घेतला आहे.

आपल्याकडे गरोदर बाईला दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक घर म्हणते, "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा." दुसरे घर म्हणते, "बेतानं खा, मूल मोठं झालं तर सुटका व्हायची नाही." दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात आणि दोन्ही चुकीचे असतात. अलीकडे त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. मोबाईलवर दिसणाऱ्या नट्यांची चार महिन्यांत सपाट झालेली पोटे पाहून शिकलेल्या मुली घरी काटा आणून सकाळ-संध्याकाळ वजन करू लागल्या आहेत. अर्धा किलो इकडे-तिकडे झाले की दिवसभर जिवाला घोर.

हे वाढलेले वजन जाते कुठे, ते आधी पाहू. पूर्ण दिवस भरलेले बाळ साधारण ३ किलोचे. वार अर्धा किलोच्या आसपास, गर्भजल एक किलोच्या जवळपास, वाढलेली गर्भपिशवी एक किलो, स्तनांची वाढ अर्धा किलो. अंगातले रक्त वाढते, ते दीड किलो आणि शरीरात साठणारे जास्तीचे पाणी तेवढेच. झाले ९ किलो! यात चरबीचा अजून हिशेबच नाही. अंगावर पाजण्यासाठी म्हणून शरीर दोन-तीन किलो चरबी आपणहून बाजूला ठेवते. घरात धान्याची कणगी भरून ठेवावी तसे ते आहे. "मी फुगले" असे म्हणणाऱ्या बाईने हा हिशेब एकदा बोटांवर मोजावा.

म्हणून सर्वसाधारण बांध्याच्या बाईचे वजन नऊ महिन्यांत १० ते १२ किलोंनी वाढावे, असे आपल्याकडे सांगितले जाते. पण सर्वांना एकच माप लावून चालत नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की एक आकडा येतो. दिवस राहण्यापूर्वीचा तो आकडा साडेअठराच्या खाली असेल तर बाई कृश समजावी. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ साली याच हिशेबाने कोष्टक दिले. कृश बाईने १२.५ ते १८ किलो, मध्यम बांध्याच्या बाईने ११.५ ते १६, वजनदार बाईने ७ ते ११.५ आणि फारच स्थूल असलेल्या बाईने ५ ते ९ किलो वाढवावे. हे कोष्टक तिकडच्या बायकांवरून बांधलेले आहे. आपल्या बायका चणीने लहान, त्यामुळे ते पट्टीसारखे लावू नये. पण त्यातली दिशा आपल्यालाही लागू पडते. १५० सेंटिमीटर उंचीची, ४० किलोची बाई आणि त्याच उंचीची ६० किलोची बाई दवाखान्यात शेजारी बसलेल्या असतात. पहिलीला "वाढव" म्हणायचे असते आणि दुसरीला "जपून वाढव". दुसरीलाही "उतरव" म्हणायचे नसते. गरोदरपण ही वजन उतरवण्याची वेळ नव्हे.

पहिल्या तीन महिन्यांत किलो-दीड किलो वाढले तरी पुष्कळ. उलट्या असतील तर घटतेसुद्धा, त्याने घाबरून जाऊ नये. मात्र पाणीही पोटात टिकत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. चौथ्या महिन्यानंतर दर आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास वाढ होते, पण तीही सरळ रेषेत होत नाही. एक महिना कमी, एक महिना जास्त असे चालते.

आता खाण्याचे. दोघांचे खायचे नाही, हे उघड आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे चौथ्या महिन्यापासून दिवसाला ३५० कॅलरी जास्त लागतात. एक लहान भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध एवढ्यात ते जवळपास भागते. खरा प्रश्न ताटात काय पडते याचा आहे. या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातच मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आहार आणि त्यांच्या बाळांचे वजन यांचा अभ्यास केला. ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे चांगली भरलेली निघाली. एकूण कॅलरींशी बाळाच्या वजनाचा तसा संबंध दिसला नाही. मेथी, शेपू, राजगिरा, पेरू, केळी यांना काही शहरात जावे लागत नाही. परंतु आपल्या घरांत सगळ्यांची पाने झाल्यावर सून जेवायला बसते, तोवर भाजीचे पातेले पुसलेले असते. गर्भारपणापुरते तरी तिचे पान पहिल्या पंगतीला मांडावे. काट्यावर नजर ठेवणाऱ्या सासवांना आणि नवऱ्यांना माझे हेच सांगणे असते.

वजनाकडे पाहूच नये, असे मी म्हणत नाही. वाढ फार कमी झाली तर बाळ अडीच किलोच्या आत भरण्याचा किंवा दिवस भरण्यापूर्वी जन्मण्याचा धोका वाढतो. फार वाढले तर मधुमेह, रक्तदाब, मोठे बाळ, सिझेरियन या गोष्टी मागे लागू शकतात. पण वजन तपासणीच्या दिवशी, एकाच काट्यावर पाहावे, एवढे पुरे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, २०१६ पासून ही सोय आहे. तेथे वजनाबरोबर रक्तदाब, हिमोग्लोबीन आणि साखर पाहून घ्यावी. मधुमेह आहे की नाही हे काटा सांगत नाही. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून रक्त तपासावे लागते. हे पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करावे.

एक गोष्ट मात्र टाळू नका. पाचव्या महिन्यानंतर आठवड्याभरात एकदम किलो-दोन किलो वाढले, तोंडावर, हातांवर सूज आली, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर ते खाण्याने वाढलेले वजन नव्हे. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रात्र असली तरी थांबू नये.

आणि आमच्या व्यवसायबंधूंना, स्वतःलाही धरून, एक सांगावेसे वाटते. वजनावरून रागावल्याने बाई कमी खात नाही, ती लपवू लागते. उपाशी, पाणी न पिता आलेल्या बाईचे वजन लिहून घेऊन आपण स्वतःचीच फसवणूक करतो. "किती वाढलं?" याऐवजी "काय खाल्लंस?" असे विचारले तर उत्तर खरे मिळते. हा प्रश्न विचारायला मिनिटभर जास्त लागते, हे खरे. गर्दीच्या दिवशी तेही जड वाटते.

परवा ती मुलगी पुन्हा आली. या वेळी बांगड्या हातातच होत्या. वजन दीड किलोने वाढले होते, रक्तदाब उत्तम. सकाळी काय खाल्ले, असे विचारले. "दीड भाकरी आणि मेथीची भाजी," ती म्हणाली. सासूने लगेच दुरुस्ती केली, "दोन भाकरी, बाई. लाजतेय ती."