धामकाठची मोजदाद

बोरच्या जंगलापुढे पवनारचा धामकाठ म्हणजे काय, थोडी झुडपे नि चार बगळे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. बोरला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. काठाला कोण विचारतो? पण मला ही तुलनाच कच्ची वाटते.

नुसत्या जाती मोजून भागत नाही. समजा, जमिनीच्या दोन तुकड्यांवर शंभर-शंभर झाडे आहेत, जाती दोन्हीकडे पाचच. एकीकडे प्रत्येकीची वीस. दुसरीकडे शहाण्णव बेशरमाची नि बाकीच्यांचे एकेक रोप. डोळे मिटून दोन झाडे निवडली तर ती वेगळ्या जातींची निघण्याची शक्यता पहिल्या तुकड्यात सुमारे ८१ टक्के, दुसऱ्यात ८ टक्केही नाही. सिम्प्सन यांनी १९४९ साली मांडलेले माप ते हेच. (कला शाखेच्या मित्रांनो, घाबरू नका, गणित इथेच संपले!)

मात्र जंगलात दिवसदिवस हिंडायचे आणि काठावर घटकाभर, याला तुलना म्हणत नाहीत. शिवाय वाहत्या पाण्यातला मासा, ओल्या वाळूतला शिंपला सागाच्या रानात सापडणार कोठून? काठ उजाड झाला तर ही उणीव बोर भरून काढू शकणार नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ती कचेरीत बसून भरू नये. पुराबरोबर कोणता मासा येतो, हे ढिवराला ठाऊक; त्याच्या तोंडची नावे टिपणे हे तर मराठीच्या विद्यार्थ्याचेच काम. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढल्या शिबिरात झाडू जरा बाजूला ठेवून सुतळी, चार खुंट्या आणि वही घेऊन काठावर बसायला काय हरकत आहे?