तडा लपविणारा व्यापार

आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांवर आज ज्या मोटारी धावतात, त्यांपैकी पुष्कळांची चाके मिश्रधातूची असतात. बाजारात त्यांना अ‍ॅलॉय व्हील म्हणतात, गॅरेजात मॅगव्हील. दिसावयास देखणी, वजनाला हलकी आणि किमतीला भारी अशी ही वस्तू आहे. खड्ड्यात आदळून ती वाकली, तिची कड तुटली अथवा तिला तडा गेला म्हणजे मालक ती काढून टाकतो. परंतु चाकाचे आयुष्य तेथे संपत नाही. ते कोणीतरी विकत घेतो, ठोकून सरळ करतो, वेल्डिंगने सांधतो, पुट्टी भरून घासतो, वर रंग फवारतो आणि नव्याच्या मानाने पुष्कळ स्वस्तात दुसऱ्याच्या गाडीला चढवितो. या व्यापाराविषयी पहिल्या पानावर लिहावयास आम्ही प्रवृत्त झालो याचे कारण उघड आहे. येथे माल फसवा निघाला तर गिऱ्हाइकाचे केवळ पैसे बुडत नाहीत. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीतील पाच माणसांचा प्राण त्या चाकावर टेकलेला असतो.

जुन्या वस्तूंच्या व्यापाराशी आमचे वैर नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. दुष्काळ पाचवीला पुजलेल्या या मुलखात जुने जपून वापरणे ही हौस नव्हे, गरज आहे. बैलगाडीच्या चाकाचा आरा मोडला तर सुताराने नवा बसवावा, धाव सैल झाली तर लोहाराने ती कापून, सांधून, लाल होईतो तापवून पुन्हा पुठ्ठ्यांवर चढवावी, अशा रीतीने एकेक चाक दोन पिढ्या चालले. पण त्या चाकात एक मोठा गुण होता. ते मोडण्यापूर्वी कुरकुरत असे, डुगडुगत असे, फट दाखवीत असे. आणि ते दुरुस्त करणारा माणूस त्याच गावात राहत असे. मोटारीचे साधे पोलादी चाकही बरेचसे त्याच जातीचे. ते वाकते, आणि हातोड्याने पुन्हा गोल करता येते. मिश्रधातूच्या चाकाचा स्वभाव मात्र वेगळा आहे, आणि सारा घोटाळा तेथे आहे.

मॅगव्हील हे नाव शर्यतीच्या गाड्यांना पूर्वी बसविल्या जाणाऱ्या मॅग्नेशियमच्या चाकांवरून पडले. आपल्या गाड्यांना असते ते मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम. त्यात शेकडा सातच्या आसपास सिलिकॉन आणि मॅग्नेशियम शेकडा अर्ध्याहूनही कमी. साच्यात ओतून काढलेले हे चाक सुमारे 540 अंश सेल्सिअस उष्णतेत काही तास ठेवतात, मग एकदम पाण्यात बुडवितात आणि पुन्हा दीडशे ते पावणेदोनशे अंशांच्या दरम्यान मुरवितात. चाकाचे बळ पुष्कळ अंशी या तापविण्या-निवविण्यात आहे. वेल्डिंगची ज्योत जेथे लागते तेथे आणि तिच्या आजूबाजूला ते बळ नष्ट होते. सांधा वरून कितीही गुळगुळीत दिसो. तसेच वाकलेली कड नेटाने ठोकून सरळ केली म्हणजे तीत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडू शकतात. त्यातून तडा बहुधा चाकाच्या आतल्या बाजूस, गाडीकडील अंगास जातो. विकत घेणारा पाहतो ती बाहेरची चकाकी.

याचा अर्थ प्रत्येक दुरुस्ती ही फसवणूक असते असा नव्हे. पदपथाला घासून दर्शनी भागावर ओरखडे आले असतील तर ते घासून रंगविण्यात यत्किंचितही धोका नाही. बाहेरची कड किंचित वाकली असेल तर जाणता कारागीर योग्य साधनांनी ती सुधारू शकतो. परंतु आऱ्याला, मधल्या तुंब्याला किंवा बोल्टच्या भोकाजवळ तडा गेला असेल, तर ते चाक म्हणून मेलेले आहे. त्याला रंग देऊन विकणारा दुकानदार काय विकतो, हे त्याला पुरते ठाऊक असते.

नव्या चाकांसाठी सरकारने कसोट्या ठरविल्या आहेत. वळणावरचा ताण, वजनाखालचे फिरणे आणि आघात अशा तीन परीक्षांतून त्यांना जावे लागते. 2020 साली केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढून चाकांच्या रिमवर मानक चिन्ह आवश्यक केले. हे योग्यच झाले. मात्र तेच चाक फुटून, सांधून पुन्हा बाजारात आले की त्याला कोणतीच परीक्षा उरत नाही. आणि चिन्ह? ते धातूतच उमटविलेले असल्यामुळे जसेच्या तसे राहते! जे बळ चाकात उरलेले नाही त्याची ग्वाही सरकारी मोहोर देत राहते, याहून विलक्षण प्रकार तो कोणता?

ही चाके घेणारे सारे मिजासखोर तरुण असतात, अशी समजूत करून घेऊन हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही. मिजास आहेच, नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुण्याहून जुनी गाडी हप्त्यांवर आणून उमरगा, कळंब किंवा परंड्याच्या रस्त्यावर भाड्याने चालविणारा माणूस वेगळ्या पेचात असतो. चारांतले एक चाक फुटते. कंपनीचे नवे परवडत नाही. तेव्हा तशाच नक्षीचे एखादे सुटे चाक तो धुंडीत हिंडतो. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास एका गाडीत 100 मिलिमीटर तर दुसरीत 114.3, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. "माल पाहून घ्या, मागाहून तक्रार चालणार नाही," एवढे ऐकवून त्याला वाटेस लावले जाते. पावती नाही, नाव नाही, तारीख नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जुना अथवा डागडुजी केलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण जुने चाक जुने म्हणूनच विकले आणि तडा तेवढा सांगितला नाही, तर पावतीवाचून हा बिचारा आयोगापुढे काय सिद्ध करणार?

म्हणून आमची पहिली मागणी साधी आहे. जुने चाक विकणाऱ्याने पावती दिलीच पाहिजे, आणि तीवर चाक कोठे वाकले होते, कोठे सांधले, की नुसते रंगविले, हे लिहिलेच पाहिजे. प्रामाणिक कारागिराचे यात काहीच जात नाही. उलट त्याच्या हाताची किंमत वाढेल. चाक कोणाकडून घेतले याची नोंद ठेवल्यास चोरीच्या मालाचाही बंदोबस्त होईल. मेरठच्या सोतीगंज येथील जुन्या सुट्या भागांचा बाजार चोरीच्या गाड्यांपायी एवढा बदनाम झाला की 2021 च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बंद पाडला. त्यात चोरांबरोबर सरळ मार्गाने पोट भरणारेही भरडले गेले. तसा बडगा येथे उगारला जावा असे आम्हांस वाटत नाही. भारतीय न्याय संहितेचे 317 वे कलम चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी आहे. ते चोरांवर चालवावे, गॅरेजवाल्यांना दमात घेण्यासाठी नव्हे.

मेलेल्या चाकाची जागा भट्टीत आहे. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळविण्यास खनिजापासून नवे काढण्याच्या मानाने शेकडा पाचच्या आसपासच ऊर्जा लागते. तेव्हा यात देशाचे नुकसान नसून फायदाच आहे. अडचण आहे ती दरातील फरकाची. वजनावर विकले तर सात-आठ किलोचे पैसे, रंगवून विकले तर त्याच्या कितीतरी पट! हा मोह नुसत्या उपदेशाने सुटणार नाही. विमा कंपन्या नवे चाक मंजूर करून जुने परत घेतात तेव्हा, आणि मोठी सर्व्हिस केंद्रे तडा गेलेले चाक बदलतात तेव्हा, ते करवतीने आडवे कापूनच बाहेर पडले पाहिजे. भंगाराच्या बाजारावर सरकारची दृष्टी पोहोचत नाही, ही सबब आता पुढे करता येणार नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्यांतील धातूच्या भंगाराच्या मोठ्या व्यवहारांवर 2 टक्के कर जागच्या जागी कापून घेण्याची व्यवस्था 10 ऑक्टोबर 2024 पासून झालेली आहे. करासाठी जी दृष्टी लाभली, ती प्राणांसाठीही लाभावी.

आणि हे चाक मुळात फुटले कशाने? कर्णाच्या रथाचे चाक शापामुळे भूमीने गिळले; आमच्या चाकांना शापाची आवश्यकता नाही, खड्डे समर्थ आहेत. अलीकडच्या गाड्यांना बारीक बगलेचे टायर येतात, त्यामुळे खड्ड्याचा दणका रबरात न जिरता थेट धातूवर बसतो. रस्ता प्राधिकरणाचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा की जिल्हा परिषदेचा, या वादात खड्डा पावसाळाभर रुंदावत राहतो. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम आले. रस्त्याचे बांधकाम वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न झाल्याने कोणी दगावला अथवा अपंग झाला, तर संबंधित ठेकेदार वा अधिकारसंस्थेला एक लाख रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. गाडीवाल्याचा दंड वसूल करताना जी तत्परता दिसते, तिचा थोडा अंश या कलमाच्या वाट्याला आला तर आम्ही जाहीर अभिनंदन करू.

जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयापुरते सांगावयाचे तर, खासगी गाडी पंधरा वर्षे तपासणीस येत नाही. भाड्याची गाडी मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्यांच्या दारी येते. त्या वेळी चाक उतरवून आतली बाजू साफ करून उजेडात पाहावी. त्यास फार वेळ लागत नाही. शारदीय नवरात्रात आणि पुढे कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर सोलापूरकडून, लातूरकडून, कर्नाटकातून गाड्यांची रीघ लागते, आणि त्यांत एमएच-25 क्रमांकाच्या भाड्याच्या गाड्या रात्रंदिवस फेऱ्या मारतात. या गाड्यांची चाके घटस्थापनेपूर्वी तपासून व्हावीत, आणि जी सांधलेली आढळतील ती जागीच उतरवून ठेवावीत.