नवा मॉनिटर, जुना संगणक

इंदूरहून एका भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे मामंजी निवृत्त शिक्षक असून वयोमानाने त्यांची दृष्टी मंदावली आहे. वाचताना अक्षर मोठे आणि स्वच्छ दिसावे म्हणून घरात सत्तावीस इंची, '४के' या नावाने ओळखला जाणारा मॉनिटर नुकताच आणला. संगणक मात्र जुनाच आहे. तो एका कचेरीतून निघालेला असून त्यात इंटेलचा कोअर आय-५ ४५९० हा २०१४ सालचा प्रोसेसर आहे, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्याने चित्र काढण्याचे काम प्रोसेसरच्या पोटातील ग्राफिक्स विभागच करतो. एचडीएमआय केबल जोडताच चित्र उमटले. परंतु माउसचा बाण अडखळत सरकतो, मजकूर वरखाली करताना ओळी फरफटतात आणि अर्ध्या तासात मामंजींचे डोके दुखू लागते. नवे ग्राफिक्स कार्ड घ्या, किंबहुना संगणकच बदला, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. एवढा खर्च करावा काय, असे भगिनींनी विचारले आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. करू नये, निदान संगणकाच्या पाठीमागची बाजू नीट पाहिल्याशिवाय तरी करू नये.

केबलचे टोक खाचेत बसले म्हणजे कार्ड आणि मॉनिटर एकमेकांस जुळले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. टोक बसणे ही केवळ तोंडओळख होय. खरा प्रश्न असतो तो वहनाचा. ४के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० असे एकूण ८२,९४,४०० चित्रबिंदू असतात. पडद्यावरची हालचाल डोळ्यांना सलग वाटावी यासाठी हे संपूर्ण चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवावे लागते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बिंदू झाले. आणि प्रत्येक चित्राच्या कडेला सोडावी लागणारी मोकळी जागा धरली, तर हाच आकडा ५९ कोटी ४० लाखांवर जातो. २००९ साली ठरलेल्या एचडीएमआय १.४ या प्रकाराची मर्यादा सेकंदाला ३४ कोटींची आहे. पाण्याची तोटी लहान असली की हौद भरतो खरा, पण सावकाश. तसेच येथे होते. चित्र पूर्ण येते, परंतु ६० ऐवजी ३० वेळा, क्वचित २४ वेळाच. बाण अडखळतो तो एवढ्यासाठी. यात मॉनिटरचा दोष नाही आणि प्रोसेसर थकला आहे असेही नाही.

आता गंमत अशी, की याच प्रोसेसरविषयी इंटेलने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात दोन निरनिराळे आकडे दिलेले आहेत. एचडीएमआयमधून ४०९६ × २३०४ बिंदू, सेकंदाला २४ वेळा. आणि डिस्प्लेपोर्टमधून ३८४० × २१६० बिंदू, सेकंदाला ६० वेळा. यंत्र एकच, पण दोन दारांची रुंदी वेगळी. भगिनींनी आपल्या संगणकामागील जोडण्यांची जी यादी पाठविली आहे तीत व्हीजीए, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट अशी तिन्ही नावे आहेत. तेव्हा त्यांनी डिस्प्लेपोर्टची एक चांगली केबल आणावी आणि दोन्ही टोके डिस्प्लेपोर्टमध्येच बसवावीत. नंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असे क्रमाने जाऊन रिफ्रेश रेट ६० झाला की नाही ते पाहावे. न झाल्यास मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी त्याची यादी उघडावी. काही मॉनिटरांत डिस्प्लेपोर्ट १.१ आणि १.२ यांपैकी एक निवडण्याची सोय असते, तेथे १.२ हवा. कार्डाचा खर्च वाचेल.

बेळगावच्या एका वाचकांची अडचण निराळी आहे. त्यांच्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे आणि मॉनिटरची एचडीएमआय दुसऱ्या उपकरणात गुंतलेली असल्यामुळे त्यांनी डिस्प्लेपोर्टची केबल आणून जोडली. पडदा काळाच राहिला. केबल दोनदा बदलून झाली, तरी फरक नाही. फरक पडणारही नाही, कारण या केबली एकमार्गी असतात. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टशेजारी डी आणि पी या अक्षरांच्या चिन्हाजवळ दोन अधिक चिन्हे असतील, तर तो पोर्ट एचडीएमआयची भाषाही बोलू शकतो, आणि मग साध्या केबलीने काम भागते. एचडीएमआयला मात्र डिस्प्लेपोर्टची भाषा येत नाही. तेथे मध्ये दुभाष्या लागतो, म्हणजे संकेताचे रूपांतर करणारा सक्रिय कन्व्हर्टर. त्याला बहुधा यूएसबीमधून वेगळी वीज द्यावी लागते. वेष्टनावर 'डीपी टू एचडीएमआय' असे छापलेले असते ते शोभेसाठी नव्हे. शब्द ज्या क्रमाने असतात त्याच क्रमाने चित्र वाहते. दुकानात दोन्ही प्रकार एकाच टोपलीत पडलेले असतात, हे आपले दुर्दैव.

तिसरे पत्र वडोदऱ्याचे. जुना व्हीजीए मॉनिटर उत्तम चालतो. चिरंजीवांनी नवे कार्ड बसविले आणि मॉनिटर जोडायला जागाच उरली नाही. व्हीजीए ही आयबीएमने १९८७ साली आणलेली, पंधरा टाचण्यांची जोडणी. तीत चित्र आकड्यांच्या रूपाने जात नाही, विजेच्या कमीजास्त दाबाच्या रूपाने जाते. १९९९ साली डीव्हीआय आली तेव्हा जुन्या मॉनिटरांची सोय म्हणून तिच्या एका प्रकारात चपट्या पट्टीभोवती चार टाचण्यांची छिद्रे ठेवली होती. व्हीजीएचा संकेत त्या चार छिद्रांतून निघत असे, आणि स्वस्तातला एक जोडतुकडा लावला की काम होई. २०१६ सालच्या जीटीएक्स १०८० या कार्डावर डीव्हीआय आहे, पण ती चार छिद्रे नाहीत. जुना तुकडा तेथे बसतच नाही. बसावा म्हणून त्याच्या टाचण्या मोडणारे महाभागही असतात. टाचण्या मोडल्याने पलीकडे नसलेला संकेत येत नाही. येथेही सक्रिय कन्व्हर्टरच हवा. मॉनिटर १२८० × १०२४ बिंदूंचा असल्याने भार किरकोळ आहे आणि साधा कन्व्हर्टर पुरेल. रोज तासन्‌तास वाचायचे असेल, तर मात्र व्हीजीएवर आणखी पैसे घालू नयेत असे माझे मत आहे. लांब केबलीतून आलेली तिची अक्षरे कडेला पुसट होतात.

मॉनिटर जोडताक्षणी तो आपली कुंडली कार्डाला कळवितो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. किती बिंदू, सेकंदाला किती वेळा, या सर्वांची नोंद मॉनिटरमध्ये कोरलेली असते. तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटांचा आहे. हलक्या व्हीजीए केबलीत त्यासाठीची तार कधी कधी नसतेच. मग कार्ड अंदाजाने लहानसे, फुगीर चित्र पाठविते आणि आपण मॉनिटरला बोल लावतो.

ज्यांच्या संगणकात वेगळे कार्ड आहे त्यांनी केबल त्या कार्डाच्याच पोर्टमध्ये लावावी, वरच्या मदरबोर्डाच्या नव्हे. यूएसबी-सीची प्रत्येक खाच चित्र देत नाही. शेजारी डीपीचे किंवा थंडरबोल्टचे चिन्ह आहे का, ते पाहावे.

अजून मॉनिटर घ्यायचा असेल आणि संगणक दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर २५६० × १४४० चा विचार अवश्य करावा. सेकंदाला ६० वेळा पाठवूनही तो २२ कोटींच्या आसपास राहतो आणि एचडीएमआय १.४ मधून सहज जातो. मात्र त्याहूनही जुन्या कित्येक मदरबोर्डांची एचडीएमआय १९२० × १२०० वरच थांबते. म्हणून दुकानात जाताना संगणकाच्या पाठीचे छायाचित्र आणि प्रोसेसरचे पूर्ण नाव बरोबर न्यावे.

वडोदऱ्याच्या वाचकांनी आपल्या कार्डाचे नाव लिहिलेले नाही. ते कळवावे, कोणत्या पोर्टसाठी कन्व्हर्टर घ्यावा ते पुढील अंकी सांगता येईल.