एक गुण कमी झाला, गोळी नाही

मंडळाच्या वाचनालयात संध्याकाळी आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी बसतो. परवा एक वहिनी दोन कागद घेऊन आल्या. वय ६८, रक्तदाब जुना, शिवाय एट्रियल फायब्रिलेशन. मागच्या फायलीत त्यांच्यापुढे ३ लिहिले होते, नव्या डॉक्टरांनी २ लिहिले. "भावजी, धोका कमी झाला ना? मग गोळी बंद करू का?"

आकड्यांत जन्म गेल्याने आम्ही आधी कागद वाचले, मग ओळखीच्या डॉक्टरांना विचारून खात्री केली.

या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त साचते, गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी कोणाला द्यायची, यासाठी २०१० पासून चॅड्स-वास्क नावाचे गुणपत्रक आहे. कर्ज देताना आम्ही रेटिंग करायचो, तसेच. रक्तदाब १, मधुमेह १, हृदय कमजोर १, रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ किंवा पुढे २, आधी पक्षाघात झाला असेल तर २. आणि बाई असल्याचा १.

हा शेवटचा गुण युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ऑगस्ट २०२४ मध्ये काढून टाकला. कारण तो एकटा काही सांगत नव्हता. पन्नाशीच्या, दुसरा कोणताही आजार नसलेल्या बाईला तो मिळायचा, पण तिचा धोका तशाच पुरुषापेक्षा जास्त नसायचा. वय आणि इतर आजार जोडीला आले की मगच फरक दिसायचा. फिनलंडच्या देशभरातल्या नोंदींत तर २००७ ते २०१८ या काळात तो फरकही घटत जवळजवळ नाहीसा झाला.

आता मुद्द्याची गोष्ट. पूर्वी गोळीची स्पष्ट शिफारस पुरुषांना २ गुणांवर आणि बायकांना ३ वर होती. आता सर्वांना २ वर. म्हणजे वहिनी काल पात्र होत्या, आजही आहेत. फूटपट्टी बदलली, कापड तेवढेच! अमेरिकेच्या २०२३ च्या नियमांत जुनीच पद्धत आहे, त्यामुळे दोन दवाखान्यांत दोन आकडे दिसतील.

स्त्रियांना झालेला असा पक्षाघात अनेकदा जास्त गंभीर असतो, आणि तरीही बऱ्याच देशांच्या नोंदींत त्यांना ही गोळी पुरुषांपेक्षा कमी मिळालेली दिसते. गुण काढल्याने हे आपोआप सुधारणार नाही. "रक्त पातळ करायला ॲस्पिरिन पुरते" हा समजही आपल्याकडे घरोघर आहे; या आजारात ॲस्पिरिन तिची जागा घेत नाही.

ज्या बायकांची झडप लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने अरुंद झाली आहे, त्यांनी तर हे गुणपत्रक बाजूलाच ठेवावे. त्यांना गुण न मोजताच औषध लागते. भारतासह २४ देशांतल्या ४,५०० हून अधिक संधिवाती हृदयविकाराच्या रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. तिथे नव्या गोळीपेक्षा जुनी, वॉरफरिनच्या जातीची गोळी सरस ठरली. तिच्यासाठी नियमित आयएनआर तपासणी करावी लागते. कंटाळवाणी आहे खरी.

वहिनींनी दोन्ही कागद फायलीत लावले आणि गोळीची वेळ झाली म्हणून उठल्या.